मुखवटा, चाबूक आणि उंबरठा

परक्या लोकांचा सण पाहणे वाटते तितके सोपे नसते. सणात नाचणाऱ्याला आपण का नाचतो हे ठाऊक असते. अंगणात उभ्या असलेल्या शेजाऱ्याला तो मुखवट्याआडूनही ओळखू येतो. परंतु समुद्रापलीकडे पडद्यासमोर बसलेल्या माणसाला केवळ अंगविक्षेप दिसतात. अंगविक्षेपांवरून आशय ताडण्याचा जो प्रयत्न तो करतो, त्यालाच आपण प्रेक्षकाची प्रतिक्रिया म्हणतो. ही प्रतिक्रिया कशी घडते आणि ती कितपत ग्राह्य मानावी, याचा विचार करण्यास अमेरिकेतील एका प्रवासपटाने चांगले निमित्त दिले आहे.

पाककार व लेखक अँथनी बोर्डेन यांच्या ‘पार्ट्‌स अननोन’ या मालिकेतील ‘केजन मार्दी ग्रा’ हा भाग १७ जून २०१८ रोजी सी. एन. एन. या वाहिनीवर दाखविण्यात आला. त्यापूर्वी नऊच दिवस, ८ जून रोजी, फ्रान्समध्ये चित्रीकरणासाठी गेले असता बोर्डेन यांनी आपल्या आयुष्याचा शेवट करून घेतला होता. त्यामुळे उत्सवाची ही कथा अनेकांनी शोकाच्या मनःस्थितीत पाहिली. मुखवटे घालून मृत्यूला आणि दारिद्र्याला वाकुल्या दाखविणारी माणसे आणि ती पाहणारा एक दिवंगत निवेदक, अशी ही विलक्षण जोडी पडली. या भागाबद्दल जे आपुलकीने बोलले जाते, त्यातील बराचसा वाटा या करुणेचा आहे. करुणेने डोळे पाणावले की दृष्टी मृदू होते, पण स्वच्छ होतेच असे नाही.

केजन लोक कोण, हे प्रथम सांगितले पाहिजे. आजच्या कॅनडातील नोव्हा स्कोशियाच्या प्रदेशाला पूर्वी अकेडिया म्हणत. तेथील फ्रेंचभाषी शेतकऱ्यांना इंग्रजांनी १७५५ पासून देशोधडीला लावले. त्यांतील कित्येक कुटुंबे पुढे लुइझियानात येऊन स्थिरावली. ‘अकादियँ’ या शब्दाचाच झिजत झिजत ‘केजन’ झाला. दक्षिण लुइझियानाच्या भातशेतीच्या माळरानावर मामू, युनिस, बेझील, चर्च पॉइंट अशी त्यांची लहान गावे आहेत. राखेच्या बुधवारापासून ख्रिस्ती लोकांचा उपवासकाळ सुरू होतो. त्याच्या आदल्या मंगळवारी या गावांत ‘कूरीर द मार्दी ग्रा’, म्हणजे मार्दी ग्राची धाव, निघते. न्यू ऑर्लिन्सच्या चित्ररथांशी आणि मण्यांच्या माळांशी तिचे नाते दूरचे आहे.

या धावेचा क्रम असा. घोड्यांवर, गाड्यांतून व पायी, मुखवटे घातलेला जथा गावाबाहेर पडतो. त्याचा नायक तो ‘कापितेन’. त्याच्या तोंडावर मुखवटा नसतो आणि हातात पांढरे निशाण असते. एखादे घर आले की जथा रस्त्यावरच थांबतो. कापितेन एकटाच पुढे जाऊन, मार्दी ग्राच्या मंडळींना आत घेता काय, असे घरधन्याला विचारतो. होकार मिळाला की निशाणाची खूण होते आणि मग सारे जण अंगणात शिरतात, गातात, नाचतात, गुडघे टेकून याचना करतात. मागणी असते ती संध्याकाळच्या सामुदायिक रश्श्यासाठी, म्हणजे ‘गंबो’साठी, लागणाऱ्या जिनसांची: तांदूळ, कांदे, तेल आणि विशेषेकरून एखादी जिवंत कोंबडी. ती मोकळी सोडली जाते आणि थोर थोर माणसे चिखलातून तिच्या मागे धावत सुटतात. रात्री गावजेवण, मग नाच. आणि मध्यरात्रीच्या ठोक्याला सर्व बंद, कारण उपवासाचा दिवस उजाडलेला असतो.

असे दृश्य अकस्मात पुढे आले की प्रेक्षकाचे मन तीन वाटांनी जाते: भय, किळस आणि भोळे कौतुक. तिन्हींची परीक्षा करू.

भय उत्पन्न होते ते टोप्यांमुळे. जथ्यातील पुष्कळांच्या डोक्यावर ‘कापूशाँ’ नावाची उंच निमुळती टोपी असते, चेहऱ्यावर तारेच्या जाळीचा मुखवटा असतो, आणि कापितेनच्या हाती गोणपाटाच्या पिळाचा चाबूकही असतो. अमेरिकन माणसाला निमुळती टोपी दिसली की ‘कू क्लक्स क्लान’ या वर्णद्वेषी संघटनेची आठवण होणे स्वाभाविक आहे. परंतु ही टोपी मध्ययुगीन फ्रान्समधील उत्सवांची वंशज आहे. उच्चकुलीन स्त्रियांच्या शंकूसारख्या शिरोभूषणाची ती थट्टा आहे. तिच्याच जोडीला बिशपच्या मुकुटाची आणि पंडिताच्या चौकोनी टोपीचीही नक्कल केली जाते. राजा, पुरोहित आणि विद्वान या तिघांना एक दिवस गरिबाने डोक्यावर घेऊन खाली उतरवावे, असा हा विनोद आहे. क्लानचा पांढरा गणवेश रूढ झाला तो १९१५ मधील तिच्या पुनरुज्जीवनानंतर. आणि ती दुसरी क्लान कॅथलिकांचाही द्वेष करीत असे. केजन समाज तर कॅथलिकच आहे.

परंतु एवढ्याने प्रेक्षकाचा आक्षेप संपूर्ण निकालात निघत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. काही गावांत चेहऱ्याला काळे फासून कृष्णवर्णीयांचे सोंग आणण्याची जुनी चाल होती. त्याच माळरानावर काळ्या क्रिओल लोकांची स्वतःची मार्दी ग्राही आहे. लेस ब्लँक यांच्या ‘ड्राय वूड’ या १९७३ च्या अनुबोधपटात तिचे दर्शन घडते. जेथे माणसे विकली गेली आणि जाळली गेली, त्या भूमीवर मुखवटा आणि चाबूक एकत्र दिसले असता ज्याच्या पूर्वजांनी ते सोसले त्याला धडकी भरली, तर तिला अज्ञान म्हणून हसणे हा उद्धटपणा होय. टोपीचा उगम निर्दोष आहे, हे खरे. पाहणाराची आठवण निराधार नाही, हेही खरे. चांगल्या समीक्षेने दोन्ही सत्ये एका वाक्यात सांगावीत.

दुसरी वाट किळसेची. मद्य, चिखल, भीक मागणारे पुरुष आणि घाबरलेली कोंबडी हे सारे पाहून सभ्य माणूस नाक मुरडतो. ज्याने मांस कायमचे वर्ज्य केले आहे, त्याच्या आक्षेपात सुसंगती आहे आणि तिचा मान राखला पाहिजे. पण सोललेली, कागदात गुंडाळलेली कोंबडी बाजारातून रोज आणणाऱ्याने या धावाधावीवर दयाबुद्धीने उसासे टाकावेत, हे काही पटत नाही. याचनेविषयी म्हणाल, तर आपल्या वाचकांना तिचे मर्म सांगण्याची गरज नाही. जोगवा मागणारी गृहिणी दरिद्री नसते. शिगम्यात घरोघर नाचून नारळ-तांदूळ घेणारा मेळ भिकाऱ्यांचा नसतो. मागणारा अहंकार टाकतो, देणारा हात सैल करतो, आणि वर्षभराच्या कुरबुरी त्या देवघेवीत विरून जातात. कोकणच्या शिमग्यात खेळ्यांबरोबर येणारा, टोकदार टोपीचा, लांब दाढीचा संकासुर पोरांच्या मागे धावतो, तेव्हा पोरे किंचाळतात. पण कोणी त्याच्यावर फिर्याद करीत नाही. कारण मांडावर नमन घातल्यावाचून मेळ निघत नाही, हे सर्वांस ठाऊक असते. विधीचा उंबरठा ओलांडून आलेली दांडगाई निराळी आणि उंबरठा न मानणारी निराळी.

नेमके हेच या प्रवासपटात पुरेसे उमटत नाही, अशी माझी तक्रार आहे. बोर्डेन यांची दृष्टी उदार होती. ज्यांच्या घरी जेवावे त्यांची टर उडवू नये, हे पथ्य त्यांनी पाळले. केजन लोकांना त्यांनी विदूषक ठरविले नाही, ही या भागाची मोठी जमेची बाजू. तथापि जेमतेम पाऊण तासाच्या अवकाशात त्यांना भुरळ पडली ती गोंधळाची. चिखलाचे, पेल्यांचे आणि फटक्यांचे चित्र ठसठशीत आहे. परवानगी विचारणाऱ्या उघड्या चेहऱ्याच्या कापितेनचे महत्त्व त्या मानाने दबून जाते. वस्तुतः सगळ्या खेळाची किल्ली तोच आहे. चाबूक जथ्याला मर्यादेत ठेवण्यासाठी आहे. आणि सोंगाडी त्या चाबकाला मुद्दाम डिवचतात, कारण बंडखोरी आणि शिस्त यांची ती ठरलेली झटापट म्हणजेच त्या दिवसाचे नाट्य. नियम वगळून नियमभंग दाखविला की उरतो तो केवळ धिंगाणा.

भोळे कौतुकही येथेच फसते. “किती रानटी, किती अस्सल, किती प्राचीन!” असे उद्गार काढणारा प्रेक्षक त्या लोकांना इतिहासातून बाहेर काढतो. प्रत्यक्षात ही परंपरा अखंड वाहत आलेली नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ती अनेक ठिकाणी खंडित झाली. मामू गावात पॉल टेट आणि रेव्हन रीड यांसारख्या जाणत्या माणसांनी १९५० च्या दशकाच्या आरंभी ती पुन्हा उभी केली. ज्या धावेत फक्त पुरुष असत, त्या परंपरेत टी मामू व बेझील येथील स्त्रियांनीही आपले स्थान निर्माण केले. त्याचा अभ्यास कॅरोलिन वेअर यांनी २००७ मधील आपल्या ग्रंथात केला आहे. त्याच मातीतल्या पॅट मायर यांनी १९९३ मध्ये ‘डान्स फॉर अ चिकन’ हा अनुबोधपट केला. त्यात कॅमेरा परका पाहुणा राहत नाही, आणि म्हणून नियमांचे स्पष्टीकरण आश्चर्याच्या आड येत नाही. दोन चित्रपटांतील अंतर कौशल्याचे नसून मुक्कामाचे आहे.

हा वाद करमणुकीपुरता आहे, असे कोणी समजू नये. बाहेरच्या डोळ्याला जे ओंगळ दिसते, ते पुसण्याचा अधिकार तो डोळा अनेकदा आपल्याकडे घेतो. लुइझियानाच्या १९२१ च्या राज्यघटनेने शाळांतून इंग्रजी सक्तीची केली. फ्रेंच बोलणाऱ्या केजन मुलांना शिक्षा होऊ लागल्या, आणि त्या भाषेला राजमान्य आधार मिळण्यास १९६८ साल उजाडावे लागले. गोमंतकीय वाचकांना ही कहाणी परकी वाटणार नाही. १६८४ च्या पोर्तुगीज फर्मानाने कोंकणीवर बंदी घातली. १७३६ च्या इन्क्विझिशनच्या जाहीरनाम्याने ख्रिस्ती झालेल्या घरांतील लग्नगीते, वेष आणि दारची तुळसही गुन्ह्यात जमा केली. तेथेही आरंभ एका तिऱ्हाइताच्या नापसंतीनेच झाला होता.

म्हणून प्रेक्षकाने प्रतिक्रियाच देऊ नये, असे मात्र मी म्हणणार नाही. काळे फासलेल्या चेहऱ्याविषयी प्रश्न विचारलाच पाहिजे. मद्याच्या अतिरेकाविषयी बोललेच पाहिजे. आपल्या शिगम्यातील आणि इंत्रुजातील अशा गोष्टींविषयीही तसेच. अट इतकीच की, तो प्रश्न कापितेनच्या रीतीने विचारावा: मुखवटा काढून, निशाण दाखवून, दाराशी थांबून. घरधनी काय म्हणतो ते आधी ऐकावे आणि मग आपले मत द्यावे. ज्याला एवढा धीर नाही, त्याने अंगणातला नाच पाहिला असेल. सण पाहिला, असे त्याने म्हणू नये.