ममत्व आणि ममता : माधवराव सप्रे यांच्या लेखनातील वासनात्यागाचा प्रश्न

वासनात्याग आणि मनःशांती यांचा संबंध संतवाङ्मयाच्या अभ्यासकाला इतका परिचित असतो की, त्याग कोणी आणि कशाचा करावयाचा, हा प्रश्न सहसा विचारलाच जात नाही. रायपूर ही ज्यांची दीर्घकाळ कर्मभूमी होती, त्या माधवराव सप्रे (१८७१-१९२६) यांच्या लेखनात तो टाळता येत नाही. मातृभाषा मराठी असलेल्या या हिंदी लेखकाने रामदासांचा 'दासबोध' आणि टिळकांचे 'गीतारहस्य' हिंदीत नेले. ही भाषांतरे त्यांच्याच आधीच्या 'एक टोकरी भर मिट्टी' या कथेशी जोडून क्वचितच वाचली जातात. तशी ती वाचली, तर वासनात्यागाची एक वेगळी मांडणी हाती लागते.

पेंड्रा येथून १९०० मध्ये सुरू झालेल्या 'छत्तीसगढ मित्र' या मासिकात १९०१ साली ही कथा आली. हिंदीतील पहिली लघुकथा कोणती या वादात तिचे नाव हटकून निघते. त्या वादात येथे शिरण्याचे कारण नाही. एका जमीनदाराला आपल्या वाड्याचे आवार शेजारच्या विधवेच्या झोपडीपर्यंत वाढवायचे असते. वकिलांना हाताशी धरून, न्यायालयामार्फत तो झोपडी मिळवितो. पुढे एक दिवस विधवा तेथे येते. झोपडी सुटल्यापासून नातीने अन्न सोडले आहे; तिथल्या मातीची चूल घातली तर ती जेवेल, म्हणून टोपलीभर माती तिला हवी असते. भरलेली टोपली डोक्यावर चढविण्यास हात लावण्याची विनंती ती जमीनदारालाच करते. तो चाकराला न सांगता स्वतः पुढे होतो आणि टोपली जागची हलत नाही. एका टोपलीचे हे ओझे, तर उरलेल्या हजारो टोपल्या जन्मभर कशा वाहाल, असे ती विचारते. तो क्षमा मागतो व झोपडी परत देतो.

जमिनीच्या हव्यासाची कथा म्हटली की, तौलनिक अभ्यासकाला टॉल्स्टॉयची माणसाला किती जमीन लागते हे विचारणारी १८८६ मधील कथा आठवणारच. तेथील पाहोमची हाव त्याच्या मृत्यूबरोबर संपते आणि वाट्याला कबरीपुरती जागा येते. सप्रे यांचा जमीनदार जिवंतपणीच मोकळा होतो. फरक केवळ शेवटाचा नाही. टॉल्स्टॉयच्या कथेत हाव आणि मृत्यू समोरासमोर आहेत. येथे मध्ये दुसरे माणूस उभे आहे, आणि त्या माणसालाही काही हवे आहे. पती आणि एकुलता मुलगा ज्या झोपडीत गेले, तिच्यात विधवेचा जीव गुंतलेला आहे. रूढ वैराग्यबोधाच्या न्यायाने हीसुद्धा आसक्तीच. पण कथा तिला ती सोडावयास सांगत नाही. उलट त्या आसक्तीच्या बळावरच जमीनदाराची हाव सुटते. 'मम' या एकाच मुळापासून आलेल्या ममत्व आणि ममता या शब्दांत आजच्या मराठीने जे अंतर पाडले आहे, ते या कथेत घटनारूपाने दिसते. ताब्यात घेणारे 'माझे' आणि जीव लावणारे 'माझे' यांना एकाच तराजूत घालणारा उपदेश, ज्याच्याकडे आधीच काही नाही त्याच्याकडूनच अधिक मागतो. आपल्या परमार्थपर समीक्षेने या विषमतेकडे फारसे लक्ष दिलेले नाही, असे मला वाटते.

'हिंदी केसरी'तील लेखनामुळे १९०८ मध्ये राजद्रोहाच्या आरोपावरून सप्रे यांना अटक झाली. माफीनाम्यानंतर ते सुटले. त्यानंतरचा काळ त्यांनी सार्वजनिक जीवनापासून दूर, रामदासी साधनेत व्यतीत केला आणि 'दासबोधा'चे भाषांतर त्याच काळाचे फळ होय. चरित्रकार याला प्रायश्चित्त म्हणतात. ते खरे असेलही. परंतु निवडलेला ग्रंथ प्रपंच नेटका करा म्हणणाऱ्या रामदासांचा आहे, हे विसरून चालणार नाही. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेले 'गीतारहस्य' १९१५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि सप्रे यांचा हिंदी अनुवाद त्यानंतर लवकरच आला. त्यात त्याज्य आहे ती फलाशा, कर्म नव्हे. सुखदुःखविवेकाच्या प्रकरणात टिळक असंतोषालाही सरसकट त्याज्य ठरवीत नाहीत. फलाशेसारखा तत्सम शब्द मराठीतून हिंदीत सहज जातो. 'वासना' तितक्या सहज जात नाही. पिंडाला कावळा शिवला नाही तर मृताची वासना कशात राहिली हे शोधणाऱ्या मराठी माणसाला त्या शब्दात नातवंडांची काळजीही ऐकू येते. हिंदीत त्याचा रूढ अर्थ बराचसा कामवासनेकडे झुकलेला आहे.

तरीही टिळकांचा कर्मयोगी आणि सप्रे यांचा जमीनदार यांच्यात एक अंतर उरतेच. कर्मयोग्याची निष्कामता विवेकातून येते, तिला साक्षीदार लागत नाही. जमीनदाराला विवेक सुचतो तो हातांना ओझे पेलेनासे झाल्यावर, आणि तोही ज्या बाईचे घर त्याने घेतले तिच्यासमोर. हा हृदयपालट फार झटपट होतो, असा आक्षेप घेता येईल व तो काही अंशी रास्त आहे. जमीनदाराच्या मनात काय चालले याला कथेने दोन-चार वाक्यांपलीकडे जागा दिलेली नाही. मात्र त्याला पुढे शांती लाभली, असेही ती कोठे म्हणत नाही. झोपडी परत देताच कथा थांबते. नात जेवली की नाही, तेही कळत नाही.