ऐतिहासिक कुमार-कादंबरी आणि तिचा वाटाड्या

'एजंट' हा शब्द मराठी कानाला फारसा गोड लागत नाही. विम्याचा एजंट, जमिनीचा एजंट, आर.टी.ओ. कचेरीबाहेर फाइल घेऊन उभा असलेला एजंट, ही मंडळी आपल्या परिचयाची आहेत. पुस्तकाचा एजंट मात्र आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला नाही. लंडनमध्ये ए. पी. वॉट या गृहस्थांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या चतुर्थकात लेखकांच्या वतीने प्रकाशकांशी बोलणी करण्याचा व्यवसाय उभारला आणि लेखकाच्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा दलाली म्हणून घेण्याची प्रथा पाडली. आज इंग्रजीतील बहुतेक मोठ्या प्रकाशनसंस्थांचे दार एजंटावाचून उघडत नाही आणि नवोदित लेखकाची निम्मी उमेद एजंट शोधण्यातच खर्ची पडते. आपल्याकडे लेखक थेट प्रकाशकाला पत्र लिहितो. मध्ये दलाल नाही, याचे समाधान मानावयास हरकत नाही. तथापि एजंट केवळ दलाली घेत नाही. तो हस्तलिखित प्रथम वाचतो, ते कोठे सैल पडले आहे ते सांगतो आणि कोणत्या दारी न्यावे हे ठरवितो. मराठीत हे काम कोण करतो?

प्रश्न तात्त्विक वाटेल, पण तो कुरखेड्याच्या एका शिक्षकांच्या हस्तलिखितामुळे माझ्यापुढे उभा राहिला. बारा ते सोळा वर्षांच्या मुलांसाठी लिहिलेली ही ऐतिहासिक कादंबरी त्यांनी माझ्याकडे वाचावयास दिली, तेव्हा ती दोन ठिकाणांहून परत आलेली होती. एका प्रकाशकाने कळविले की मुलांची ऐतिहासिक कादंबरी म्हणजे शिवकाल, दुसरे काही खपत नाही. दुसऱ्याने छपाईचा खर्च लेखकाने सोसावा असे सुचविले. कादंबरी चांगली की वाईट, याविषयी दोघांनीही एक अक्षर लिहिले नव्हते. नकारापेक्षा हे मौन मला अधिक गंभीर वाटते.

कादंबरीचा विषय आहे बाबुराव शेडमाके यांचा उठाव. १८३३ साली अहेरी भागातील मोलमपल्लीच्या जमीनदार घराण्यात जन्मलेल्या या गोंड तरुणाने 'जंगोम दल' उभारून इंग्रजी सत्तेशी झुंज दिली. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात त्याला फाशी झाली, तेव्हा त्याचे वय अवघे पंचवीस वर्षांचे होते. कुमारवाचकाला याहून जवळचा नायक कोणता? शिवाय या कथेत सरळ काळेपांढरे नाही. प्राणहितेकाठी तारखात्याच्या तळावर झालेल्या हल्ल्यात दोन इंग्रज कर्मचारी मारले गेले. शेडमाक्यांना पकडून देण्यात अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईंचा हात होता आणि त्यांच्यावर सरकारचा दाब होता. पंधरा वर्षांच्या मुलाला विचार करावयास लावील असे हे द्रव्य आहे.

गुरुजींनी ते कसे हाताळले? तारखात्याच्या तळाचे प्रकरण उत्तम उतरले आहे. ते दलातील एका चौदा वर्षांच्या पोराच्या नजरेतून येते. तार म्हणजे काय हे त्याला ठाऊक नाही. ही माणसे जंगलातून लोखंडाचा दोर का ओढीत आहेत, याचेच त्याला नवल. इतिहास येथे मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर येतो. पण पुढच्याच प्रकरणात लेखक त्याला बाजूस सारून स्वतः व्यासपीठावर चढतात आणि तीन पाने देशभक्तीवर बोलतात. लक्ष्मीबाईंना ते दोन ओळींत खलनायिका ठरवून मोकळे होतात. आणि ज्या घरात गोंडी बोलली जात असणार त्या घरातील आई पुण्याच्या सदाशिव पेठेतील मराठी बोलते! झाडीबोलीच्या मुलखात आयुष्य काढलेल्या लेखकाला ती बोली कागदावर उतरविण्याचा धीर झाला नाही, याचे मला वाईट वाटले.

हे दोष दुरुस्त होण्याजोगे आहेत. रोझमेरी सटक्लिफ या इंग्रज लेखिकेची 'द ईगल ऑफ द नाइन्थ' ही कुमारांसाठीची कादंबरी १९५४ साली आली. तिचा नायक जखमेने लंगडा झालेला रोमन सैनिक आहे आणि तो वडिलांच्या हरवलेल्या पलटणीचा शोध घेतो. रोमन साम्राज्य बरे की वाईट, यावर लेखिका प्रवचन देत नाही. वाचक त्या लंगड्या पायाने चालत राहतो आणि उत्तर स्वतः शोधतो. गुरुजींचा चौदा वर्षांचा पोरगा असाच शेवटपर्यंत चालला असता. परंतु हे त्यांना वेळेवर सांगणारे कोणी भेटले नाही.

पूर्वी असा माणूस भेटत असे. त्याला आपण संपादक म्हणत होतो. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली 'करमणूक' साप्ताहिक काढले आणि 'उषःकाल'सारखी ऐतिहासिक कादंबरी त्यातून क्रमशः दिली. इंग्रजीतही स्टीव्हन्सनची 'किडनॅप्ड' १८८६ साली प्रथम मुलांच्या एका साप्ताहिकातच आली. क्रमशः लिहिणाऱ्याला व्याख्यान झोडता येत नाही. वाचक पुढचा अंक उघडणार नाही. बालबोधमेव्यासारखे मुलांचे मासिक अमेरिकन मराठी मिशनने १८७३ मध्ये सुरू केले होते, म्हणजे मुलांसाठी नियतकालिक चालविणे ही गोष्ट आम्हा ख्रिस्ती वाचकांनाही परकी नाही. बालभारतीचे 'किशोर' १९७१ पासून आहे. पण एकट्या मासिकाने किती भार वाहावा? नियतकालिकांतून क्रमशः कादंबरी उठली, तशी लेखकाची ती तालीमही उठली, आणि तिच्या जागी आपण काहीच आणले नाही. राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, तिचा उपयोग जरूर करावा. पण अनुदानाने कागद मिळतो, संपादक मिळतोच असे नाही.

विशेष म्हणजे कुरखेड्याजवळच्या वडशाला ही व्यवस्था वेगळ्या रूपात अजून जिवंत आहे. झाडीपट्टीच्या नाट्यमंडळांची कार्यालये तेथे आहेत. दिवाळीनंतर मंडईचे दिवस आले की गावोगावची मंडळी वडशाला जाऊन नाटक ठरवितात. कोणत्या गावाला कोणते नाटक रुचेल, कोठे पौराणिक चालेल आणि कोठे सामाजिक, हे तेथील माणूस बरोबर सांगतो, आणि रात्रभर चालणाऱ्या प्रयोगात सैल प्रवेश प्रेक्षकच कापून टाकतात. नाटकाला वाटाड्या आहे, कादंबरीला नाही, असा हा एकाच जिल्ह्यातील विरोध आहे.

गुरुजींना मी सुचविले की छपाईसाठी पैसे मोडू नयेत. बीट्रिक्स पॉटरने १९०१ मध्ये आपल्या सशाच्या गोष्टीच्या अडीचशे प्रती स्वखर्चाने छापल्या आणि पुढच्याच वर्षी तिला प्रकाशक मिळाला, हे खरे. पण तेथे वितरणाची साखळी उभी होती. त्याऐवजी त्यांनी व्याख्यानाची तीन पाने काढावीत, लक्ष्मीबाईंना एक पूर्ण प्रकरण द्यावे आणि आईला तिची बोली परत द्यावी. त्यानंतर सुधारलेली प्रकरणे शाळेत दर शनिवारी आठवीच्या मुलांना एकेक करून वाचून दाखवावीत. त्यांनी पहिली चार वाचली आहेत. तारेच्या प्रकरणानंतर एका मुलीने विचारले, की तो पोरगा रात्री झोपला का. कादंबरीत याचे उत्तर नाही. गुरुजी आता ते लिहीत आहेत.