पंचशिखाची वीणा आणि शाहिराचा डफ

दीघनिकायातील सक्कपञ्हसुत्तात पंचशिख गंधर्वाची प्रशंसा करताना भगवान सांगतात की, त्याच्या तंत्रीचा स्वर गीतावर मात करीत नाही आणि गीतही तंत्रीवर मात करीत नाही. 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' (२०१२) या राजकुमार तांगडेलिखित नाटकातील शाहीर संभाजी भगत यांच्या गीतांना आम्ही हीच कसोटी लावतो.

शिवरायांना न्यावयास आलेला यम त्यांचे विचार हरवून बसतो, एवढ्या कथासूत्रावर येथे पोवाडा, लोकनाट्य आणि आंबेडकरी जलसा एकत्र नांदतात. जालन्याकडील शेतकरी नट ते पेलतात, हेही विशेष. महात्मा फुल्यांनी १८६९ मध्ये शिवरायांचा पवाडा रचून इतिहासाचा वाद शाहिरीत आणला होता. नाटकातील दोन शाहिरांच्या सामन्यात तोच वाद नव्याने उभा राहतो. एकाचा राजा धर्मयुद्धाचा, दुसऱ्याचा रयतेचा. येथे तंत्री व गीत खरोखर समरस होतात.

यमाच्या विनोदी प्रसंगांत मात्र तसे होत नाही. चुल्लवग्गात आळवून गाण्याचे जे पाच दोष सांगितले आहेत, त्यांत गाणारा स्वरात रमतो आणि ऐकणाराही, हे पहिले दोन. तेथे टाळी आधी पडते, विचार मागून येतो.

'शिवाजी कोण होता?' लिहिणारे कॉ. गोविंद पानसरे यांच्यावर १६ फेब्रुवारी २०१५ रोजी कोल्हापुरातच गोळ्या झाडण्यात आल्या. २० फेब्रुवारीस त्यांचे निधन झाले. रयतेच्या त्या शाहिराचा सवाल येथील श्रोत्यास तेव्हापासून निराळाच ऐकू येतो.