देशगौरवाची गीते : महीकाठचे वाचन

देशगौरवपर कविता हा मराठीतील अत्यंत लोकप्रिय, परंतु समीक्षकांनी बहुधा दुरूनच नमस्कार केलेला काव्यप्रकार होय. शाळेच्या प्रार्थनेत, संमेलनाच्या आरंभी, राष्ट्रीय सणाच्या दिवशी ही गीते उभे राहून म्हटली जातात. आणि जे उभे राहून म्हणायचे, ते बसून तपासण्याचा आपला प्रघात नाही. त्यांतील भावनेविषयी मतभेद संभवत नाही, तेव्हा काव्यगुणाची चर्चाही अप्रस्तुतच, अशी काहीशी समजूत रूढ झालेली दिसते. ही समजूत त्या कवितांना न्याय देणारी नाही. आपल्या भूमीचा, तिच्या इतिहासाचा आणि तिच्या माणसांचा अभिमान ही भावना सर्वत्र एक असली, तरी तो अभिमान कशाच्या आधारावर उभा आहे, हे प्रत्येक कवितेत निराळे असते. आणि कवितेचा कस लागतो तो तेथेच.

प्रस्तुत लेखात श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांचे 'महाराष्ट्रगीत' आणि गोविंदाग्रज, म्हणजे राम गणेश गडकरी, यांचे 'श्रीमहाराष्ट्रगीत' ही दोन गीते कवी नर्मदाशंकरांच्या गुजरात-गौरवाशेजारी ठेवून पाहण्याचे योजिले आहे. हा शेजार मी हौसेने जमविलेला नाही. नंदेसरी हे बडोदे जिल्ह्यातील, महीच्या दक्षिणेचे गाव. बडोदे-आणंद लोहमार्गावरचे, आणि आता रासायनिक कारखान्यांच्या वसाहतीमुळे ओळखले जाणारे. येथील वर्गात काठेवाडचा मुलगा खानदेशच्या मुलाशेजारी बसतो आणि दोघांच्या मागे उत्तर प्रदेशातील तिसरा. अशा वर्गात देशगौरवाचे गीत शिकविताना, गाणारा कोण आणि ऐकणारा कोण, हा प्रश्न पहिल्या कडव्यालाच उभा राहतो. पुण्यात तो उभा राहत नाही.

कोल्हटकरांचे गीत वाचताना प्रथम जाणवते ती त्याची वकिली. कोल्हटकर व्यवसायाने वकीलच होते, आणि या गीताची मांडणी उत्तम प्रतिवादाची आहे. प्रतिपक्षाचा आक्षेप प्रथम मान्य करावयाचा आणि मग तोच त्याच्यावर उलटवावयाचा. येथे आकाशाला भिडणारी शिखरे नाहीत. नसोत, येथील आकांक्षा आकाशाहून उंच आहे. येथे महानद नाहीत. नसोत, येथील घोड्यांनी सिंधूचे पाणी प्यायले आहे. प्रासाद नाहीत, रत्ने नाहीत, आणि प्रत्येक 'नाही'ला चोख उत्तर आहे. १७५८ च्या उत्तरेकडील मोहिमेत मराठी फौजा अटकेपर्यंत पोचल्या, या घटनेवर कवीने कोटीही साधली आहे. कारण अटक हे गाव आहे आणि अटक म्हणजे अडथळाही आहे. 'सुदाम्याचे पोहे' लिहिणारा हा लेखक गंभीर गीतातही कोटीचा मोह आवरू शकत नाही. मला त्याची तक्रार नाही. उलट, एवढ्या उदात्त स्वरात बुद्धीचा खेळ चालू ठेवणे हे त्या गीताचे एक वेगळेपणच आहे.

परंतु वकिलीला प्रतिपक्ष लागतो. या गीतातील अभिमान सतत कोणाशी तरी तुलना करून सिद्ध होत असतो. ज्या कडव्यात मराठी स्वारांची दौड येते आणि नुसत्या नावाने शत्रूचे बळ ओसरते, ते कडवे गाण्यास सर्वांत सोपे आणि शिकविण्यास सर्वांत अवघड आहे. आमच्या वर्गात त्या दौडीची दुसरी बाजू बाकावर बसलेली असते. सुरत १६६४ मध्ये आणि पुन्हा १६७० मध्ये लुटली गेली. काठेवाडात गायकवाडांच्या फौजा खंडणीसाठी मुलूखगिरीवर जात, आणि १८०७ मध्ये कर्नल वॉकरने तेथील संस्थानिकांशी ठराव करून ती खंडणी बांधून दिली, तेव्हा कोठे त्या स्वाऱ्या थांबल्या. हा इतिहास गुजराती पाठ्यपुस्तकात ज्या शब्दांत येतो, ते शब्द आपल्या बखरींचे नव्हेत. एकाचा पराक्रम ही दुसऱ्याच्या घराण्याची आठवण असते.

येथे कोणी म्हणेल, की हा आक्षेप नीतीचा झाला, काव्याचा नव्हे. मला तो काव्याचाच वाटतो. त्या कडव्यातील स्वारांना चेहरा नाही. नावे बदलली तर कोणत्याही विजयी लोकांना ते कडवे जसेच्या तसे वापरता येईल. राजपुताना ते म्हणेल, पंजाब म्हणेल. गौरवगीताची एक साधी परीक्षा मी मुलांना सांगतो: देशाचे नाव काढून दुसरे घाला आणि पाहा, गीत मोडते की चालते. जे चालते, त्यात देश थोडा आणि अभिमान फार. या परीक्षेत कोल्हटकरांचे मधले कडवे उतरत नाही. शेवटचे मात्र उतरते. तेथे कवी दौड सोडून भाषेकडे वळतो. मराठी वाणी बोलण्यात आणि लेखणीत दिसावी अशी इच्छा करतो. तेथे गौरव हा मिळकतीचा दाखला न राहता नित्याचे काम होतो, आणि ते काम महीच्या काठीही करता येते, मुळेच्या काठीही.

गडकरी कोल्हटकरांना गुरू मानीत. दोन्ही गीतांत भगवा झेंडा आणि जरीपटका एकत्र येतात, आणि वैराग्याच्या शेजारी एकात विक्रम, तर दुसऱ्यात वैभव बसते, हे त्या ऋणाचे चिन्ह समजावे. परंतु शिष्याने गुरूची मुख्य रीत सोडून दिली आहे. गडकऱ्यांच्या गीतात जवळजवळ क्रियापद नाही. वाद नाही, सिद्धता नाही, केवळ हाका आहेत. हाक मारणारा तुलना करीत नाही. आणि या हाका कोणाला? दगडांना, करवंदीच्या काटेरी जाळ्यांना, अंजन-कांचनाच्या झाडांना, बकुळीला, प्राजक्ताला. मराठी कवीने देशाची स्तुती करताना दगड आणि काटा पुढे ठेवावा, हे धाडस आज सवयीमुळे आपल्या लक्षात येत नाही. सस्यश्यामल भूमीचे गौरवगीत लिहिणे परंपरेने सोपे केले होते. ओबडधोबड भूमीला ओबडधोबड म्हणूनच प्रणाम करणे, आणि लगेच तिच्या कोमल फुलांचीही आठवण ठेवणे, ही गडकऱ्यांची स्वतःची दृष्टी होय. नाव बदलण्याच्या परीक्षेत हा भाग पूर्ण उतरतो. करवंदीच्या जाळीसह ते गीत बंगालला देता येणार नाही. पुढे भक्ती, बुद्धी, शाहिरी, मर्दुमकी यांची नामावळी येते, तेथे गीत पुन्हा सर्वसाधारण होते. विशेषणांची रास घालण्याचा गडकऱ्यांचा नाटकांतील स्वभाव येथेही सुटलेला नाही.

आता एक गोष्ट, जी बडोद्याकडील वाचकांना ठाऊक असते आणि इतरांच्या सहसा ध्यानात राहत नाही. महाराष्ट्राचे हे स्तोत्र रचणाऱ्या गडकऱ्यांचा जन्म २६ मे १८८५ रोजी नवसारी येथे झाला. नवसारी हे तेव्हा बडोदे संस्थानातील एका प्रांताचे मुख्य ठिकाण. १९१९ मध्ये ते वारले ते नागपूरजवळच्या सावनेरला, म्हणजे मध्य प्रांतात. कोल्हटकरही नागपुरास जन्मले आणि वऱ्हाडात वकिली करीत राहिले. महाराष्ट्र नावाचे राज्य दोघांनीही पाहिले नाही. त्यांचा 'देश' मुंबई इलाखा, मध्य प्रांत-वऱ्हाड, निजामाचे राज्य आणि अनेक संस्थाने यांत विखुरलेला होता. त्याला सीमा नव्हती, आणि म्हणूनच कदाचित तो गीतात इतका स्पष्ट दिसला. १ मे १९६० रोजी त्या शब्दाला नकाशा मिळाला. त्याच दिवशी गुजरातलाही मिळाला, आणि नवसारी, बडोदे व महीकाठ त्या दुसऱ्या नकाशात गेले.

त्या दुसऱ्या नकाशाचे काव्य मात्र पूर्वीच लिहून झाले होते. नर्मदाशंकरांचे गुजरात-गौरवाचे गीत १८७३ चे; ते 'नर्मकोशा'च्या प्रारंभी आले. या गीताने सीमा आखल्या आहेत त्या दैवतांनी: उत्तरेस अंबामाता, पूर्वेस पावागडची काली, दक्षिणेस कुंतेश्वर, पश्चिमेस सोमनाथ आणि द्वारकेश. सीमा आखताना कवीने राजसत्ता एकदाही विचारली नाही. विचारली असती तर पंचाईत झाली असती. कारण पावागड १८५३ पर्यंत, म्हणजे कवीच्या ऐन विशीपर्यंत, ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडे होता, बडोदे-नवसारी गायकवाडांकडे, आणि कवीचे सुरत इंग्रजांकडे. गीतात तापी, नर्मदा आणि मही या नद्यांची नावे आहेत. आमच्या गावाची नदी एका देशगौरवाच्या गीतात आहे, हे नंदेसरीच्या मुलांना सांगितले की त्यांची मान किंचित ताठ होते, मराठी मुलांचीही.

नर्मदाशंकरांच्या गीताचा शेवट आपल्या दोन्ही गीतांहून वेगळा आहे, आणि समीक्षकाने तो मोकळेपणी मान्य करावा. ते अणहिलवाड आणि सिद्धराज जयसिंह यांच्या वैभवाची आठवण करतात, परंतु लगेच म्हणतात, की त्याहून सरस रंग पुढे येणार आहे. गौरव मागे ठेवून ते पुढे पाहतात. कोल्हटकर-गडकऱ्यांत असे पुढे पाहणे जवळजवळ नाही. झेंडा आहे, तो डोलतो आहे, परंतु कोणत्या वाऱ्याने, हे सांगितलेले नाही. याच कवीने 'कोनी कोनी छे गुजरात' या कवितेत आणखी एक पाऊल टाकले. गुजरात कोणाचा, या प्रश्नाला त्यांचे उत्तर भाषेपाशी थांबत नाही. परमुलखातून आलेल्या ज्यांना या मातीने वाढवून मोठे केले आणि जे या मातेचे हित इच्छितात, त्यांचाही तो आहे, मग त्यांचा धर्म कोणताही असो. बडोद्याच्या मराठी माणसाची सनद एका सुरतेच्या कवीने अशी लिहून ठेवली आहे. सुरतेने असे लिहावे, यात मला इतिहासाचा मोठेपणा दिसतो.

राजा बढे यांचे गीत, ज्याला २०२३ मध्ये महाराष्ट्राचे राज्यगीत ठरविण्यात आले, त्याविषयी येथे एकच निरीक्षण. त्यातील नद्यांच्या नामावळीत पहिले नाव रेवेचे, म्हणजे नर्मदेचे आहे. नर्मदा महाराष्ट्राला नंदुरबारकडे केवळ सीमेवरून स्पर्श करते आणि भरूचजवळ समुद्राला मिळते. नर्मदाशंकरांच्या गीतात ती आहेच. दोन राज्यांच्या दोन गीतांत एकच नदी आहे, आणि तिच्या खोऱ्याचा मोठा भाग तिसऱ्याच राज्यात आहे. नद्यांना हे ठाऊक नसते, हे बरे. दक्षिणेच्या तट्टांनी यमुनेचे पाणी प्यावे ही या गीतातील कल्पना कोल्हटकरांच्या सिंधूच्या घोड्यांचीच पुढची पिढी होय.

बडोद्याच्या मराठी कवितेकडे वळले की एक उणीव बोचते. राजकवी चंद्रशेखर मूळचे नाशिकचे. बडोद्यास राहून त्यांनी 'गोदागौरव' लिहिले आणि ते मराठी काव्याचे भूषण ठरले. विश्वामित्रीच्या काठी बसून गोदेचे गौरवगान करणे स्वाभाविकच होते. परक्या ठिकाणी माणूस घरची नदी आठवतो. परंतु १९०९, १९२१, १९३४ आणि २०१८ अशी चार साहित्य संमेलने ज्या नगरीत भरली, जिच्या राजाने १९०६ मध्ये साऱ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, त्या नगरीच्या मराठी कवींनी पायाखालच्या भूमीला हाक मारली ती फार क्षीण स्वरात. 'गोदागौरवा'च्या तोलाचे महीगौरव माझ्या वाचनात नाही. दोनशे वर्षांहून अधिक काळ जेथे राज्य केले आणि वस्ती केली, ती भूमी कवितेत मात्र मुक्कामाचीच राहिली. हा दोष भूमीचा नाही.

याच्या उलट घडलेले एक उदाहरण गद्यात आहे. काका कालेलकर गडकऱ्यांच्याच वर्षी, १८८५ मध्ये, साताऱ्यास जन्मले. गडकरी गुजरातेत जन्मून महाराष्ट्राचे स्तोत्रकार झाले. कालेलकर साताऱ्यात जन्मून गुजराती गद्याचे शिल्पकार झाले, आणि गांधीजींनी त्यांना 'सवाई गुजराती' म्हटले. त्यांच्या 'लोकमाता' या पुस्तकात देशातील नद्यांवरील लेख आहेत. त्यांत लहानपणची कृष्णा आणि प्रौढपणी भेटलेल्या नद्या एकाच जिव्हाळ्याने येतात. पहिलीवरचे प्रेम दुसरीला द्यावे लागत नाही आणि दुसरीसाठी पहिलीचे कमी करावे लागत नाही. गडकऱ्यांची करवंदीकडे पाहण्याची दृष्टी आणि कालेलकरांची नदीकडे पाहण्याची दृष्टी एकाच जातीची आहे. मी ही दोन वाचने वर्गात एकत्र घेतो.

या वाचनात एक अडचण येते. महीकाठ हा गाळाचा प्रदेश. येथील मुलांनी दगडाचा डोंगर पाहिला असेल तर पावागडच. दगडांचा देश म्हणजे काय, हे त्यांना शब्दांनी समजावे लागते, आणि करवंद बाजारातून आणून दाखवावे लागते. म्हणून गडकऱ्यांचे गीत झाल्यावर मी त्यांना आपल्या गावच्या वस्तूंची यादी करावयास सांगतो. मराठीत किंवा गुजरातीत, विशेषणाशिवाय. गेल्या वेळच्या याद्यांत महीची कोतरे होती, गांडो बावळ होता, तंबाखूची शेते होती, पहाटे शेतात शिरणाऱ्या नीलगाई होत्या, रेल्वेचा पूल होता. एका मुलाने उभे राहून विचारले, की कारखान्यांच्या धुरांड्यांची नावे या यादीत चालतील काय. त्याचे वडील तेथेच पाळीवर जातात. मी त्याला करवंदीच्या काट्यांचा चरण पुन्हा वाचावयास सांगितला. त्याने तो वाचला आणि धुरांडी यादीत सर्वांत वर लिहिली.