रुप्याचा सूर्य

अलंकारावर टीकालेख लिहावा काय, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. चित्राची, शिल्पाची, नाटकाची समीक्षा होते. अंगठीची परीक्षा व्हायची ती सराफाच्या दुकानात, आणि तीही तराजूने. परंतु काही अंगठ्या अर्थाचा दावा करतात, आणि जेथे अर्थाचा दावा आहे तेथे टीकाकाराला मज्जाव असू नये. अशी एक अंगठी नुकतीच एका स्नेह्यांच्या चिरंजीवांच्या बोटात पाहण्यात आली. आतल्या बाजूस ९२५ चा शिक्का, तीन तोळे तरी भरेल इतके रुपे, दर्शनी भागी मानवी कवटी, तिच्या कपाळावर सूर्यचक्र, दोन्ही अंगांस किरणांची टोके, आणि खोलगट रेषांतून मुद्दाम राखलेला काळेपणा. ‘हा ॲझ्टेक लोकांचा सूर्य,’ असे त्या तरुणाने अभिमानाने सांगितले. कवटीविषयी विचारता ‘ती नुसती शोभेला,’ असे उत्तर आले. या दोन उत्तरांत त्या अंगठीचे गुणदोष सामावलेले आहेत, असे मला वाटते.

कपाळावरच्या चक्राचा मूळ नमुना प्रसिद्ध आहे. १७ डिसेंबर १७९० रोजी मेक्सिको शहराच्या मुख्य चौकात बांधकाम चालू असता एक अजस्र कोरीव शिळा सापडली. तिचा व्यास साडेतीन मीटरांहून अधिक व वजन सुमारे २४ टन आहे. जवळजवळ शतकभर ती तेथील कॅथीड्रलच्या भिंतीशी उभी होती. १८८५ मध्ये तिला संग्रहालयात नेण्यात आले. लोक तिला पंचांगाची शिळा म्हणतात, कारण तिच्यावरील एका वलयात वीस दिवसांची चिन्हे आहेत. परंतु तिचा खरा विषय तिथी-वार नाही. मध्यभागी एक मुखवटा आहे. तो सूर्यदेव तोनातिऊ याचा, असे बहुतेक मानतात. काही अभ्यासक मात्र वेगळे मत देतात. त्या मुखाची जीभ म्हणजे गारेची सुरी आहे, आणि दोन्ही बाजूंच्या नखरपंजांत मानवी हृदये धरलेली आहेत. सभोवार चार चौकटींत पूर्वीचे चार सूर्य आहेत: एक जग्वारांनी संपविलेला, एक वाऱ्याने, एक अग्निवर्षावाने आणि एक जलप्रलयाने. आपला सूर्य पाचवा. त्याचे नाव ‘चार चलन’, आणि त्याचा शेवट भूकंपाने व्हावयाचा आहे.

हा पाचवा सूर्य उगवला कसा, याची कथा मोठी मार्मिक आहे. तेओतिवाकान येथे देव जमले. अंगभर व्रणांनी भरलेला, दरिद्री नानावात्सिन याने अग्नीत उडी घेतली आणि तो सूर्य झाला. परंतु तो आकाशात जागच्या जागी थांबला. तेव्हा इतर देवांनी आपले प्राण दिले आणि मगच तो चालू लागला. अर्थात रोजची सकाळ ही माणसाला उसनी मिळालेली वस्तू ठरली. नावाट्ल भाषेत बळीला जो शब्द आहे, त्याचा अर्थच मुळी ऋणफेड असा होतो. मानवही मृत्युलोकातून आणलेल्या अस्थींवर देवांनी आपले रक्त शिंपडल्यामुळे जन्मला, असे तेच लोक मानीत. त्यांच्या दृष्टीने हाड म्हणजे जीवनाचे बीज होते. सूर्य आणि कवटी एकाच खतावणीतील जमा आणि खर्च आहेत. तेव्हा कवटी ‘नुसती शोभेला’ हे उत्तर त्या अंगठीवर अन्याय करणारे आहे.

मात्र या कल्पनेच्या भव्यतेने आपण भारावून जाऊ नये. ऋण खरे मानले, तरी ते फेडले जात होते पुष्कळदा दुसऱ्याच्या मस्तकाने. २०१५ मध्ये मेक्सिको शहरात कवट्यांच्या त्या महास्तंभाचे अवशेष उघडकीस आले, तेव्हा चुन्यात बसविलेल्या मस्तकांत स्त्रियांची आणि मुलांचीही मस्तके निघाली. हे ध्यानात न ठेवता जो या चिन्हाकडे पाहील, त्याचे पाहणे अर्धवट राहील.

आता धातूविषयी. १५१९ मध्ये मोक्तेसुमाने कोर्तेसकडे ज्या भेटी पाठविल्या, त्यांत एक सोन्याचे व एक रुप्याचे अशी दोन प्रचंड चक्रे होती. पुढल्या वर्षी चित्रकार ड्यूररने ती ब्रसेल्सला पाहिली आणि आपल्या रोजनिशीत सोन्याचे चक्र सूर्य, रुप्याचे चक्र चंद्र अशी नोंद केली. ती दोन्ही आज अस्तित्वात नाहीत. रुप्यात सूर्य घडविणे म्हणजे चंद्राच्या घरी सूर्याला मुक्कामास ठेवणे होय. याचे समर्थन होऊ शकेल. स्पॅनिश विजयानंतर, विशेषतः १५४६ मध्ये साकातेकासची खाण सापडल्यावर, रुपे हाच त्या भूमीचा धातू झाला. तेव्हा रुप्याचा सूर्य हा मावळलेला, जिंकला गेलेला सूर्य म्हणता येईल. तसे कारागिराच्या मनात असते, तर ही अंगठी एक शोककाव्य झाली असती. पण किरणांची चकाकी पाहता तसे काही त्याच्या मनात असावे असे वाटत नाही.

कारागिराने काय गाळले हे पाहिले म्हणजे निर्णय सोपा होतो. त्याने वलये ठेवली, किरण ठेवले. पंजे आणि हृदये गाळली, सुरीची जीभही गाळली. देणे तेवढे पुसून त्याने फक्त वैभव उचलले. कवटी घेतली तीही युरोपीय परंपरेतली. सोळाव्या-सतराव्या शतकांत तेथील लोक ‘तुलाही मरावयाचे आहे’ याची आठवण म्हणून कवटीची अंगठी घालीत. ती कवटी घालणाऱ्याला नम्र करी. ही कवटी समोरच्याला दरडावते. दोन गंभीर परंपरा एकत्र आल्या, आणि दोहोंचेही गांभीर्य वाटेत सांडले.

तरीही एक गोष्ट प्रांजळपणे नमूद केली पाहिजे. मी ती अंगठी बोटात घालून पाहिली. काही वेळाने तिची चकाकी विसरली गेली, पण तिचे ओझे विसरता आले नाही. लेखणी धरताना, पेला उचलताना ती हाताला खाली ओढीत राहिली. नक्षीने जे ऋण लपविले, ते वजनाने उघड केले. अंगठी परत करताना मी त्या तरुणाला एवढेच म्हणालो, ‘बाळ, कवटी शोभेला नाही. तुझ्या सूर्याचे बिल आहे ते.’ तो हसला. पण अंगठी पुन्हा घालण्यापूर्वी त्याने ती क्षणभर तळहातावर तोलून पाहिली.