कबुली, दंड आणि वाहन-परवाना : मद्यपी वाहनचालकांच्या खटल्यांतील कनिष्ठ न्यायालयांच्या कार्यपद्धतीची चिकित्सा

मद्यप्राशन करून वाहन चालविण्याच्या गुन्ह्याविषयी आपल्याकडील विधिविषयक चर्चा बहुधा अपघातानंतर सुरू होते. वांद्रे येथील कार्टर रोडवर नोव्हेंबर २००६ मध्ये पदपथावर झोपलेल्या सात मजुरांचा मोटारीखाली बळी गेला. सत्र न्यायालयाने २००७ मध्ये आरोपीस सहा महिन्यांची शिक्षा दिली, उच्च न्यायालयाने त्याच वर्षी सदोष मनुष्यवधाचे कलम लावून ती तीन वर्षांची केली आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये ती कायम ठेवली. अॅलिस्टर परेरा खटला या नावाने हा निवाडा विधी महाविद्यालयांत आजही शिकविला जातो. परंतु ज्या खटल्यात कोणी मृत झालेले नसते, केवळ नाकाबंदीत अडविलेला एक चालक उभा असतो, तो खटला न्यायदंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयात काही मिनिटांत निकाली निघतो. त्याची चिकित्सा करावी असे कोणास फारसे वाटत नाही. वास्तविक, जीवितहानी होण्यापूर्वी हस्तक्षेप करण्याची संधी कायद्याला मिळते ती याच खटल्यात.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८५ नुसार चालकाच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळल्यास पहिल्या गुन्ह्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. मुळात दोन हजार रुपयांपर्यंत असलेला दंड २०१९ च्या सुधारणेने दहा हजार रुपये झाला. तडजोडयोग्य गुन्ह्यांच्या यादीत, म्हणजे कलम २०० मध्ये, या गुन्ह्याचा समावेश नाही. सिग्नल मोडणाऱ्याकडून वाहतूक पोलीस जागेवर रक्कम घेऊन पावती फाडू शकतात, मद्यपी चालकाच्या बाबतीत तसे करता येत नाही. या गुन्ह्याचा निवाडा न्यायाधीशानेच करावा, असा कायदेमंडळाचा हेतू त्यातून स्पष्ट होतो. प्रश्न असा की, तो हेतू न्यायालयाच्या दारात पोहोचल्यावर टिकतो काय?

असे खटले सामान्यतः संक्षिप्त चौकशीच्या पद्धतीने चालतात. फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ चे कलम २६२ आणि तिच्या जागी १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम २८५, या दोहोंनुसार या पद्धतीत तीन महिन्यांहून अधिक कारावास देता येत नाही. म्हणजे कलम १८५ मधील सहा महिन्यांची कमाल शिक्षा कार्यपद्धतीच्या निवडीबरोबरच निम्मी होते. आरोपीने गुन्हा कबूल केल्यास साक्षीपुरावाही होत नाही. आरोपीची कबुली शक्यतो त्याच्याच शब्दांत नोंदवावी, असे समन्स-खटल्यांच्या प्रकरणातील कलम सांगते आणि संक्षिप्त चौकशीसही हीच रीत लागू आहे. तथापि ‘गुन्हा कबूल आहे, दया करावी’ या ठरावीक वाक्यात कोणत्याही आरोपीचे स्वतःचे शब्द शोधणे व्यर्थ होय. कामाचा एक दिवस बुडालेला, कागदपत्रे पोलिसांकडे अडकलेली, वकिलाची फी दंडाहून जड. अशा स्थितीत ही कबुली अपराधाच्या जाणिवेपेक्षा सोयीची असते.

या कबुलीने पुराव्याचा प्रश्न मात्र कायमचा झाकला जातो. बच्चूभाई करियानी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्येच स्पष्ट केले होते की, तोंडाला येणारा मद्याचा वास, अडखळती चाल आणि विस्फारलेल्या बाहुल्या एवढ्यावरून चालक नशेत होता असे सिद्ध होत नाही. पुढे कायद्यात श्वासविश्लेषक यंत्र आले. त्या यंत्राचे अंशशोधन शेवटी केव्हा झाले, छापील पट्टीवरील वेळ व अटकेची वेळ जुळते काय, हे प्रश्न कबुलीमुळे विचारलेच जात नाहीत. महाराष्ट्रात आणखी एक विसंगती आहे. १९४९ च्या दारूबंदी अधिनियमातील कलम ६६(२) मध्ये ०.०५ टक्के, म्हणजे ५० मिलिग्रॅम, हे प्रमाण गृहीत धरले आहे. ४० मिलिग्रॅम मद्यार्क असलेला चालक एका कायद्याची मर्यादा ओलांडतो, दुसऱ्याची नाही. कबुलीच्या खटल्यात या बाबीची वाच्यता होण्याचे कारणच उरत नाही.

यापेक्षाही गंभीर बाब परवान्याची आहे. दंड वाढवावा की नाही, यावर वर्तमानपत्रांतून पुष्कळ वाद झाला. त्याच अधिनियमातील कलम २०(२) कडे त्या मानाने थोड्यांचेच लक्ष गेले. कलम १८५ खाली दोषी ठरणाऱ्यास न्यायालयाने किमान सहा महिने वाहन चालविण्यास अनर्ह ठरविलेच पाहिजे, असे हे उपकलम सांगते. ही तरतूद ऐच्छिक नाही. लगतच्या उपकलम (३) मध्ये ‘विशेष कारणे लेखी नमूद करून’ सूट देण्याची मुभा आहे. उपकलम (२) मध्ये ती मुभा नाही. दंड भरणारा चालक त्याच संध्याकाळी पुन्हा चाकामागे बसू शकतो, अनर्ह ठरलेला बसू शकत नाही. रस्त्याच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने शिक्षेचा गाभा येथेच आहे.

या तरतुदीचा अंमल कितपत होतो, याचे एक अप्रत्यक्ष गमक उपलब्ध आहे. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीने ऑगस्ट २०१५ मध्ये राज्यांना कळविले की, मद्यपी चालकांचे परवाने परिवहन अधिकाऱ्यांनी कलम १९ खाली किमान तीन महिने निलंबित करावेत. पाठोपाठ २०१९ च्या सुधारणेने कलम २०६(४) आणून पोलिसांना परवाना जप्त करून परवाना प्राधिकाऱ्याकडे धाडण्यास बांधून घेतले. दोषसिद्धीची वाट न पाहता परवाना रोखता यावा, हे या उपायांचे समर्थन ग्राह्य धरले तरी न्यायालयांकडील सहा महिन्यांचा आदेश नियमितपणे निघत असता, तर तीन महिन्यांच्या प्रशासकीय उपायावर एवढा भर देण्याची गरज भासली असती काय, ही शंका उरतेच. परिणामी एकाच रात्रीच्या एकाच कृत्यासाठी परिवहन कार्यालयाचे तीन महिने आणि न्यायालयाचे सहा महिने, असे दोन कालावधी आता कायद्यात शेजारी शेजारी नांदत आहेत.

न्यायदंडाधिकारी या आदेशाबाबत कचरत असतील, तर त्यामागे केवळ कामाचा बोजा आहे असे मानणे अन्यायाचे ठरेल. रिक्षाचालकाला सहा महिने अनर्ह ठरविणे म्हणजे त्याच्या घरातील चूल बंद करणे होय. मोटारमालक मात्र पगारी चालक ठेवून मोकळा होतो. दहा हजारांचा दंडही दोघांना सारखा नाही. ही विषमता ज्या न्यायाधीशाला खुपते, त्याला कायदा कोणता मार्ग देतो? भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५५ ने मद्यधुंद अवस्थेत सार्वजनिक ठिकाणी गैरवर्तन करणाऱ्यासाठी समाजसेवेच्या शिक्षेचा पर्याय दिला आहे. कलम १८५ मध्ये तो नाही. दंडाची रक्कम ठरलेली, अनर्हतेची किमान मुदत ठरलेली, सूट देण्यासाठी कारणे नोंदविण्याची जागाही नाही. मग दया दाखवायची ती अनर्हतेचा आदेश न लिहून, एवढीच वाट राहते. अशा दयेची कारणे नोंदविली जात नाहीत, त्यामुळे ती रिक्षाचालकाला मिळाली की मोटारमालकाला, हे वरिष्ठ न्यायालयालाही तपासता येत नाही. कबुलीवर आधारलेल्या दोषसिद्धीविरुद्ध आरोपी अपिलात जात नाही, आणि न दिलेल्या आदेशाबद्दल तक्रार करण्याचे त्याला कारणही नसते. ते काम सरकारी अभियोक्त्याचे आहे.