कीचक आणि सैरंध्री
जुन्या कथेचा काळोख नव्याने रंगविल्यास समाजाची वृत्ती बिघडते काय? अनगोळच्या देवळांतून पुराण ऐकणाऱ्या रसिकांनी खाडिलकरांचे ‘कीचकवध’ आठवावे. १९०७ साली रंगभूमीवर आलेल्या या नाटकातील उन्मत्त कीचकात प्रेक्षकांना लॉर्ड कर्झन दिसला. १९१० मध्ये मुंबई सरकारने प्रयोगांवर बंदी घातली. विराटपर्वावर मात्र बंदी आली नाही. कथा तीच होती; नाटककाराच्या मांडणीने वंगभंगामुळे पेटलेल्या संतापाला चेहरा दिला. तेव्हा काळ्या विषयाचा परिणाम होतो, हे आम्हांस मान्य आहे. पण विषय टाळणे हा त्यावर उपाय नव्हे. लेखकाने कीचकाची वासना चवीने रंगविली, की सैरंध्रीचा अपमान आपल्या जिव्हारी लावला, हे पाहावे. मनावर संस्कार होतो तो त्यानेच.